मदत हवी आहे: महागड्या स्टार फॉरवर्डसाठी ट्रेड करावा का?

एनएचएल (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकी लीग) नियमित बघणाऱ्यांनो, जरा समजावून सांगा. सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) इतकी कडक असताना एकाच फॉरवर्डवर (आक्रमक फळीतल्या खेळाडूवर) वर्षाला १ कोटी डॉलर अडकवणं परवडतं का? व्हेगासने २०२१ मध्ये फॉरवर्ड जॅक आयकलसाठी ॲलेक्स टक, पेटन क्रेब्स हे खेळाडू आणि वर ड्राफ्ट पिक्सही (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) दिले, तेसुद्धा त्याच्या मानेचं ऑपरेशन बाकी असताना! २०२३ मध्ये स्टॅनली कप (लीगचं विजेतेपद) जिंकलाच त्यांनी. उलट ट्रेडमधून कॅलगरी संघात आलेला फॉरवर्ड ह्युबर्डो एका मोसमातल्या ११५ गुणांवरून (गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून) पुढच्या मोसमात थेट ५५ वर घसरला, आणि करार मात्र आठ वर्षांचा. (बचावफळी कच्ची असेल तर स्टार एकटा काय करणार, हे माझं जुनंच तुणतुणं.) जुन्या संघाने निम्म्यापर्यंत पगाराचा भार उचलला तर गणित बदलतं, एवढं कळतं. पण वय, उरलेला करार, दुखापती यांपैकी तुम्ही आधी काय बघता?