बंद चिरेखाणीत कोळशाची राख भरायची? मग खालच्या पऱ्ह्याचं (ओढ्याचं) काय?

सड्यावरचा
राजापूर तालुका, गावाचं नाव मुद्दाम देत नाही. ग्रामसभेपुढे विषय आलाय की सड्यावरची (वरच्या जांभा दगडाच्या पठारावरची) जुनी चिरेखाण, म्हणजे चिरे काढून उरलेला खड्डा, वीजप्रकल्पाच्या राखेने फुकटात भरून मिळणार, वर माती टाकून क्रिकेटचं मैदान. पोरं खुश, सरपंचही खुश. माझा विरोध आहे. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्याच्या भेगांतून, भोकांतून खाली मुरतो आणि तोच वाडीत झरा होऊन येतो, विहिरी त्याच्यावर, पऱ्ह्या त्याच्यावर. तिथे राख भरली की दर पावसाळ्यात तीनेक हजार मिलिमीटर पाऊस तिच्यावर कोसळणार आणि जेवढा मुरेल तो सगळा राखेतून गाळूनच खाली येणार. राखेत आर्सेनिक, सेलेनियम, बोरॉन, शिसं, थोडा पारा असतो. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी प्रकल्पाचा खसाळ्याचा राखबंधारा फुटला, राख कोलार नदीतून कन्हानपर्यंत गेली, विसरलात काय?

ब्लॉकवाला
दादा, उगाच घाबरवू नका लोकांना. कोराडीला देशी कोळसा, त्यात राखच ३०-४० टक्के, ती पाण्यात कालवून पाईपने तलावात सोडतात म्हणून बांध लागतो आणि म्हणून तो फुटतो. किनाऱ्यावरचे प्रकल्प आयात कोळशावर, राख त्यामानाने खूपच कमी. सुकी राख तर आम्ही राखेचे ब्लॉक बनवणारे आणि सिमेंटवाले उचलतो. पीपीसी म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये ती ३५ टक्क्यांपर्यंत चालते, तुमच्या घराच्या स्लॅबमध्येही असेल. आणि खाण हा खड्डा आहे हो, खड्डा कसा फुटणार?

सड्यावरचा
फुटायला कशाला पाहिजे, झिरपला तरी झालं की. स्लॅबमधली राख सिमेंटात बांधलेली असते, खाणीतली मोकळी. आणि अमेरिकेत डॅन नदीत फेब्रुवारी २०१४ ला सुमारे ३९ हजार टन राख गेली तेव्हा बांध जागच्या जागी होता, तलावाखालून गेलेला पावसाच्या पाण्याचा जुना पत्र्याचा पाईप तेवढा गेला. खालून काय चाललंय ते वरून दिसतच नाही.

चाकरमानी परळ
आणि त्याच डॅन नदीवर खालच्या अंगाला असलेल्या डॅनव्हिल शहरात शुद्ध केलेलं पिण्याचं पाणी नियमात बसत होतं, ते का नाही सांगितलं? प्रत्येक गोष्टीला विरोध करायचा आणि मग गणपतीला आलो की म्हणायचं गावात पोरं राहत नाहीत. मैदान तरी होऊ द्या.

खाडीकाठची
भाऊ, डॅनव्हिलला फिल्टर प्लांट आहे. आमच्या वाडीत पऱ्ह्याला पाईप लावून पाणी थेट टाकीत, फिल्टर म्हणजे नळाला बांधलेलं फडकं. शिवाय तुम्ही सगळे पाण्याचं बोलताय, माशांचं कोणी बोलत नाही. पहिल्या पावसात चढणीचे मासे पऱ्ह्याने वर शेतात अंडी घालायला येतात, ती राख वाहून आली तर तळाचे दगडगोटे बुजणार, अंडी चिकटायला जागा नाही, खेकडे आणि तळातले किडे गेले की माशांचं खाणंही गेलं. नॉर्थ कॅरोलिनात बेल्यूज लेकमध्ये १९७० च्या दशकात राखतलावाचं नुसतं पाणी सोडत होते, काही फुटलं नाही, तरी माशांच्या २० पैकी १९ जाती संपल्या. सेलेनियम. ते खाण्यातून मादीच्या अंगात आणि तिथून अंड्यात जातं, पिल्लं वाकडी निघतात किंवा निघतच नाहीत. मोठे मासे मात्र बरेच दिवस ठीकठाक दिसतात, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही.

ब्लॉकवाला
ताई, तो अख्ख्या प्रकल्पाचा तलाव होता, वर्षानुवर्षं पाणी सोडलेलं, त्याची बरोबरी एका खाणीशी? दुसरं, राख बहुतेकदा अल्कलीधर्मी, त्यात शिसं-कॅडमियम सहसा विरघळत नाही. आणि जांभा म्हणजे लोखंडच, आर्सेनिक धरून ठेवतो. हे पण शास्त्रच आहे.

लॅबमधला माणूस
अर्धं बरोबर. शिसं-कॅडमियमचं खरं, पण आर्सेनिक आणि सेलेनियम उलटे वागतात, अल्कली पाण्यात जास्त सुटतात, आणि तशा पाण्यात लोखंडाची धरून ठेवायची ताकदही कमी होते. भेगेतून धावणारं पाणी दगडाला नीट टेकतही नाही. प्रयोगशाळेत आम्लाच्या पाण्यात चाचणी करून ‘पास’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मालवणी माणूस
व्हाळाक पाणी येता ता सड्यावरसूनच. त्या खाणीत जा काय टाकशात ता आमच्याच बावीत येतला मा?

चाकरमानी परळ
बरं, मग मैदानाला माती आणायची तर डंपरचं भाडं कोण देणार, तुम्ही?

सड्यावरचा
फुकट कोणासाठी ते बघा. राख वापरात आणून संपवायची जबाबदारी केंद्राच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने प्रकल्पावरच टाकलीय, म्हणजे आपण खड्डा देऊन त्यांचं काम हलकं करतोय. सखल जागा भरायची तर त्यातच राज्याच्या प्रदूषण मंडळाची आधी परवानगी सांगितलीय. ते पत्र मागितलं तर सरपंच म्हणतात ‘येईल’.

ब्लॉकवाला
पत्र नसेल तर मीही हात वर करणार नाही, तेवढं मान्य. आलं तर?

सड्यावरचा
तर तळाला आणि बाजूंना अस्तर, आणि खालच्या विहिरींचं पाणी भरावाआधी एकदा आणि मग दर पावसाळ्यात तपासायचं, खर्च त्यांचा. लेखी द्या म्हणावं, मग बघू किती फुकट राहतंय.

ब्लॉकवाला
अस्तराचा खर्च ऐकून ते राख मलाच आणून देतील राव 😄