मदत हवी आहे: आयर्लंडमध्ये फिल्म ट्रेनीचं काम, पण 'इन्व्हॉइस पाठव' म्हणतात

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीमुळे डब्लिनला येऊन दीड वर्ष झालं. त्याचं क्रिटिकल स्किल्स परमिट (कुशल कामगारांचा वर्क परमिट), माझा स्टॅम्प वन-जी (अशांच्या जोडीदाराला मिळणारा राहण्याचा परवाना). आधी कोल्हापुरात मालिकांच्या सेटवर कॉस्च्युमला सहा वर्षं काढली. बारा तासांची शिफ्ट, पैसे नव्वद दिवसांनी, तेही फोन करकरून. त्यामुळे कागद न बघता कामाला लागायची खोड आहेच.

आता डब्लिनजवळच्या विकलोकडे चाललेल्या एका मालिकेत (नाव लिहीत नाही) कॉस्च्युम ट्रेनी म्हणून चौदा आठवड्यांसाठी घेतलंय. दिवसाला 140 युरो, जेवणाची सुट्टी सोडून अकरा तास, आठवड्याला पाच दिवस. चार दिवस झाले, करार हातात नाही. ऑफिसातली बाई म्हणाली, "महिन्याला इन्व्हॉइस पाठव, कर तुझा तू भर." इन्व्हॉइस म्हणजे स्वतःचा व्यवसाय, आणि माझ्या स्टॅम्पवर नोकरी चालते, व्यवसाय चालत नाही. तिला सांगितलं तर म्हणते, सगळे असंच करतात!

इथे करकायद्याच्या सेक्शन 481 खाली निर्मात्याला पात्र खर्चावर 32 टक्के करसवलत मिळते. भरायचा कर सवलतीएवढा निघाला नाही तर उरलेली रक्कम सरकार हातात देतं. आपल्याकडे 1975 पासून मराठी सिनेमाला करमणूक कराचा परतावा मिळायचा, पण त्यासाठी निर्मात्याने पुढचा सिनेमा काढायचा असे. इथे अट चांगला रोजगार आणि प्रशिक्षण देण्याची आहे. पात्र खर्च 20 लाख युरोंच्या वर गेला तर स्क्रीन आयर्लंड या सरकारी चित्रपट संस्थेकडे कौशल्य विकासाचा आराखडा द्यावा लागतो, असं वाचलं. मी मात्र दिवसभर हुक लावते आणि वॉशिंग मशीन भरते. शिकवायला कोणी नाही. आमचे कोल्हापूरचे ड्रेसदादा (कपडेपट सांभाळणारे) निदान शिव्या देत देत शिकवायचे.

त्या आराखड्यात माझं नाव आहे का, हे कोणाला विचारायचं? आणि कंपनी फक्त या मालिकेपुरती काढलेली आहे. ती उद्या बंद झाली की माझा अनुभव कोणाच्या खाती जमा?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
ताई, इन्व्हॉइस अजिबात देऊ नका. इथल्या सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2023 मध्ये डॉमिनोजच्या डिलिव्हरी ड्रायव्हरांच्या खटल्यात सांगितलंय की करारावर काय छापलंय त्यापेक्षा काम प्रत्यक्षात कसं चालतं ते बघायचं. कॉल टाइम (सेटवर हजर व्हायची वेळ) ते ठरवतात, कपडे-मशीन त्यांचं, तुमच्याऐवजी बहिणीला पाठवता येत नाही. मग ही नोकरीच, आणि कर पगारातूनच कापायला हवा. मुख्य अटी पाच दिवसांत लेखी द्याव्या लागतात, म्हणजे उद्याच मागा. आणि मेलवर मागा, तोंडी नको. आराखड्याचं थेट स्क्रीन आयर्लंडच्या कौशल्य विभागाला विचारा.

प्रतिसाद २
(लिमरिकला आठ वर्षं लाइटिंगला आहे.) मालिकेपुरती कंपनी ही पळवाट वाटते, पण 481 चा नियमच तसा आहे, प्रत्येक निर्मितीला वेगळी कंपनी. 2003 च्या कायद्याने सलग मुदतीचे करार चार वर्षांपलीकडे गेले की नोकरी कायम धरायची, पण मालक तोच किंवा त्याच्याशी संलग्न असावा लागतो. दर वेळी कंपनी नवी, म्हणून भांडण नेमकं तिथेच अडतं. 2018 मध्ये संसदेच्या समितीने या धंद्यातल्या कामाच्या परिस्थितीवर अहवालही काढला होता. आम्ही अजून भांडतोय. तुम्ही प्रत्येक करार, पे-स्लिप, कॉलशीट (रोजच्या शूटिंगच्या वेळांचा कागद) जपून ठेवा. वर्कप्लेस रिलेशन्स कमिशनकडे (कामगारांच्या तक्रारी ऐकणारी सरकारी संस्था) तक्रारीला पैसे पडत नाहीत, पण सहा महिन्यांच्या आत करायची.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. मेल केला. उत्तर आलं की पगारावर घेतो, पण मग दिवसाचे 140 सुद्धा जमणार नाहीत, कमी करावे लागतील. आता काय बोलू?

प्रतिसाद १
140 सुद्धा कमीच आहेत! 2026 चं किमान वेतन तासाला 14.15 युरो. गुणिले अकरा, 155 युरो 65 सेंट. हा हिशोब तसाच मेलमध्ये टाका, आणि पंचावन्न तासांचा आठवडा कायद्याच्या 48 तासांच्या कमाल सरासरीत कसा बसवणार तेही विचारा.