मदत हवी आहे : काल्पनिक आधुनिक युद्धाच्या पटखेळाची पडताळणी कशी करावी?

नमस्कार. आम्ही नागपुरातील चौघे मित्र दर रविवारी धरमपेठेत एकाच्या घरी जमून पटावरचे युद्धखेळ खेळतो. विकतचे तीन-चार खेळ पुन्हा पुन्हा खेळून झाल्यावर आपणच एखादा रचावा अशी हौस मला आली, आणि मागच्या दिवाळीपासून दोन काल्पनिक देशांमधील आजच्या काळातल्या युद्धाचा एक खेळ मी तयार करीत आहे. खरी राष्ट्रे घेतली की खेळ बाजूला राहून वादच रंगतो, म्हणून देश काल्पनिक ठेवले. भूभाग मात्र ओळखीचा आहे : उत्तरेस पेंचचे जंगल, मधून कन्हान आणि पूर्वेला वैनगंगा. पावसाळी डावात काळ्या मातीच्या षट्कोनात, म्हणजे पटावरच्या सहा बाजूंच्या घरात, शिरणाऱ्या रणगाड्यांना दुप्पट चाल मोजावी लागते, आणि हा नियम विदर्भात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

पट ए-टू आकाराच्या कागदावर छापला आहे. समोरासमोरच्या बाजूंमध्ये २० मिलिमीटर अंतर असलेले षट्कोन त्यावर ३३ स्तंभ आणि २० ओळी इतके बसतात. एक षट्कोन ५ किलोमीटरचा, एक सोंगटी म्हणजे एक ब्रिगेड किंवा तोफखान्याची एक रेजिमेंट, आणि एक पाळी सहा तासांची आहे. दोन्ही बाजू आळीपाळीने आपल्या सर्व सोंगट्या हलवतात. प्रत्येक बाजूला दर पाळीत चार ड्रोन मिळतात. हललेली तुकडी आपोआप दिसते. जंगलात स्थिर बसलेली तुकडी मात्र फाशावर ५ किंवा ६ पडले तरच दिसते, म्हणजे तिच्यावर दोन ड्रोन पाठवले तरी ती सापडण्याची शक्यता ९ पैकी ५ इतकीच राहते. दिसलेल्या तुकडीवर सात षट्कोनांच्या आतून अग्निबाणांचा मारा करता येतो. पिनाका या भारतीय बनावटीच्या अग्निबाण प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीचा पल्ला सुमारे ३८ किलोमीटर आहे, त्यावरून मी हा आकडा घेतला.

आता अडचण सांगतो. आतापर्यंतच्या ११ डावांपैकी ९ डाव बचाव करणाऱ्याने जिंकले. आक्रमकाच्या ब्रिगेडी कन्हानच्या काठाला पोहोचण्याआधीच निम्म्या होतात. यावर आमच्यात दोन तट पडले आहेत. दोघांचे म्हणणे असे की आजचे युद्ध असेच असते, जो हलतो तो दिसतो आणि जो दिसतो तो मरतो, तेव्हा खेळ बरोबर आहे. उरलेल्या दोघांना, म्हणजे मलाही, हा दोष युद्धाचा नसून माझ्या नियमांचा वाटतो. पानिपतावर खेळ केला असता तर १४ जानेवारी १७६१ रोजी काय घडले ते समोर ठेवून नियम तपासता आले असते. जे युद्ध झालेलेच नाही, त्याच्या खेळाचा निकाल कशाशी ताडून पाहायचा?

हा प्रश्न मला निव्वळ हौशी वाटत नाही. अमेरिकी खेळरचनाकार मार्क हर्मन यांचा ‘गल्फ स्ट्राइक’ हा पर्शियन आखातातील संभाव्य युद्धावरचा पटखेळ १९८३ साली बाजारात आला होता, आणि १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले तेव्हा पेंटागॉनने त्यांनाच बोलावून त्या खेळाचा उपयोग केला. म्हणजे न घडलेल्या युद्धाचा खेळही विश्वासार्ह ठरू शकतो. तो कसा ठरतो, हे जाणकारांनी सांगावे. पंच ठेवण्याचा सल्ला कृपया देऊ नये. प्रशियन सैन्याच्या १८२४ च्या युद्धखेळात तो शोभत होता, पण चौघांतला एक पंच झाला की एकाला प्रतिस्पर्धीच उरत नाही.

प्रतिसाद १

प्रथम आकड्यांविषयी. दोन्ही बाजू समसमान असतील तर ११ पैकी ९ किंवा अधिक डाव बचाव करणाऱ्यानेच जिंकण्याची शक्यता सुमारे ३ टक्के येते, त्यामुळे हा केवळ फाशांचा खेळ आहे असे म्हणता येणार नाही. मात्र हे सर्व डाव त्याच चौघांनी खेळले आहेत. बचावाची युक्ती सर्वांना सापडली आणि आक्रमणाची कोणालाच सापडली नाही, असेही असू शकते. दोन नवखे खेळाडू बसवून पाहावे, आणि आपण स्वतः तोंडही उघडू नये.

माझा खरा संशय दारूगोळ्यावर आहे. पिनाकाच्या एका वाहनावरचे १२ अग्निबाण ४४ सेकंदांत सुटतात, आणि आपली पाळी सहा तासांची आहे. तेव्हा माऱ्याला मर्यादा पडते ती मागून येणाऱ्या ट्रकांमुळे. आपल्या नियमांत ट्रकांचा उल्लेखच नाही, म्हणजे बचाव करणाऱ्याला प्रत्येक पाळीत भरलेले वाहन फुकट मिळते. दोन्ही बाजूंना दर पाळीस दारूगोळ्याचे ठरावीक गुण द्यावे, आणि मारा करणारी सोंगटी लगेच ‘दिसलेली’ समजावी.

प्रतिसाद २

पडताळणीपुरते लिहितो. देश काल्पनिक असले तरी नियम काल्पनिक नसतात, म्हणून तेच नियम एखाद्या झालेल्या युद्धावर चालवून पाहावेत. १९७३ चे सिनाईतील युद्ध यासाठी उत्तम आहे. ८ ऑक्टोबरला इस्रायली रणगाड्यांचा प्रतिहल्ला इजिप्तच्या पायदळाने रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांच्या बळावर परतवला, आणि १४ ऑक्टोबरला इजिप्तचे रणगाडे आपल्या विमानविरोधी क्षेपणास्त्रांच्या छत्राबाहेर पडले तेव्हा त्यांनी एका दिवसात दोनशेहून अधिक रणगाडे गमावले. आपल्या नियमांतून हे दोन्ही निकाल निघाले पाहिजेत. पहिलाच तेवढा निघत असेल, तर खेळ केवळ बचावाकडे झुकलेला आहे. आजच्यासारखे ड्रोन तेव्हा नव्हते हे खरे. ते काढून उरलेला सांगाडा तरी तपासला जाईल.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. ट्रकांचा मुद्दा वाचून खजील झालो, कारण सोंगट्या कापताना ट्रकांच्या आठ सोंगट्या केल्या होत्या आणि पटावर गर्दी होते म्हणून मीच त्या डबीत टाकून दिल्या. पुढील रविवारी त्या बाहेर काढून दर पाळीस प्रत्येक बाजूला सहा गुण या हिशेबाने एक डाव खेळतो, आणि सिनाईचा पट त्यानंतर आखतो. निकाल इथेच कळवीन. डाव मात्र कूलर बंद ठेवून खेळावा लागेल, कारण मागच्या खेपेस वाऱ्याने एक अख्खी डिव्हिजन सोफ्याखाली गेली होती, आणि मे महिन्यात सात तास कूलरविना बसायला बाकीचे तिघे तयार होतील की नाही याची शंका आहे. पुठ्ठ्याच्या सोंगट्या जड करण्याचा एखादा स्वस्त उपाय कोणाला माहीत असल्यास तोही कळवावा.