चाहत्यांचे 'रीएडिट' : संपादन, संकलन की आणखी काही?

विचारणा (परभणी)

नमस्कार मंडळी. रॉक बँडच्या जाहीर कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे आणि चित्रफिती चाहते स्वतः गोळा करतात, एकाच कार्यक्रमाच्या वेगवेगळ्या फितींतले चांगले भाग निवडून जोडतात, आवाज सुधारतात आणि तयार झालेली नवी प्रत एक पैसाही न घेता एकमेकांना देतात. या हौसेवर मी मित्रमंडळींसाठी एक मराठी टिपण लिहीत आहे. इंग्रजीत या सगळ्याला 'रीएडिट' म्हणून भागते. मराठीत मात्र 'पुनर्संपादन' लिहिले की वर्तमानपत्राच्या कचेरीत शिरल्यासारखे वाटते आणि 'पुनर्मिश्रण' लिहिले की नाचाच्या गाण्याचा रीमिक्स डोळ्यांपुढे येतो.

अडचण एवढ्यावर थांबत नाही. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने १९८४ पासून आपल्या कार्यक्रमांत ध्वनिमुद्रण करणाऱ्या श्रोत्यांसाठी बसण्याची वेगळी जागाच राखून ठेवली होती, त्यामुळे त्यांच्या एकेका कार्यक्रमाच्या चार-चार, पाच-पाच फिती उपलब्ध असतात आणि चाहत्याचे काम असते ते त्यांतून एक निर्दोष प्रत उभी करण्याचे. नाइन इंच नेल्स या बँडच्या ट्रेंट रेझनर यांनी जानेवारी २००९ मध्ये तीन कार्यक्रमांचे ४०० जीबीहून अधिक कच्चे चित्रीकरण चाहत्यांसाठी खुले केले, तेव्हा चाहत्यांनी त्यातून वर्ष संपण्याच्या आत आख्खा कार्यक्रमपट तयार केला. ही दोन्ही कामे एकाच शब्दात बसतात का? मला तसे वाटत नाही, पण वेगळे शब्दही सुचत नाहीत.

उत्तर (लातूर)

आधी शुद्धलेखन, कारण तेवढे माझ्या हातातले आहे. 'पुनर्'पुढे कठोर व्यंजन आले की त्यातल्या 'र्'चा विसर्ग होतो, म्हणून 'पुनःसंपादन' आणि 'पुनःस्थापना'. मृदू व्यंजनापुढे रफार राहतो, म्हणून 'पुनर्विचार', 'पुनर्जन्म' आणि तुमचे 'पुनर्मिश्रण'. तेव्हा 'पुनर्संपादन' कितीही रुळलेले असले तरी व्याकरणाला धरून नाही.

अर्थाकडे वळायचे तर मराठीने हे काम फार पूर्वी दोन शब्दांत वाटून दिले आहे. लेखी मजकुरावर संस्कार करतो तो संपादक आणि चित्रपटाची दृश्ये कापून जोडतो तो संकलक. श्रेयनामावलीत 'संकलन' असेच लिहिलेले असते. गंमत अशी की पुस्तकांच्या जगात संकलन म्हणजे नुसते गोळा करणे. म्हणून चित्रफितीला 'संकलन' चालेल, पण ध्वनिफितीच्या बाबतीत तो शब्द वाचणाऱ्याला तुम्ही निवडक गाण्यांचा संच केला आहे असेच वाटेल.

जाता जाता, 'लाइव्ह'ला कृपा करून 'थेट' म्हणू नका. घटना घडत असतानाच पोचते ते थेट प्रक्षेपण. १९७७ ची फीत आज परभणीत ऐकताना त्यात थेट असे काही उरलेले नाही. 'मैफिलीतले ध्वनिमुद्रण' हा चांगला मराठी प्रयोग आहे आणि रॉकला मैफल हा शब्द नाजूक वाटत असेल तर 'जाहीर कार्यक्रमातले' म्हणावे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)

सरांच्या पहिल्या मुद्द्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मी ध्वनियंत्रणेच्या कामातला माणूस आहे आणि रॉकच्या जुन्या फितींचा नाद मला वसतिगृहात असल्यापासूनचा आहे. माझे म्हणणे असे की या कामाला एकच नाव शोधणे हीच मुळात गफलत आहे. काम करणारा माणूस एका फितीवर चार वेगळ्या क्रिया करतो आणि त्या चारही क्रियांना आपल्याकडे नावे आहेत. फक्त ती ध्वनिमुद्रणाच्या पुस्तकांतली नाहीत.

फिती मुळात दोन जातींच्या. एक मिक्सरवरून, म्हणजे सगळ्या माइकांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावरून, थेट तार जोडून घेतलेली आणि दुसरी श्रोत्यांत माइक उभा करून घेतलेली. आपल्याकडे हरिनाम सप्ताहातले कीर्तन टिपणारेसुद्धा 'मिक्सरवरची' आणि 'पब्लिकमधली' असेच म्हणतात, त्यामुळे हे दोन शब्द शोधत बसण्याची गरज नाही. मिक्सरवरची फीत स्वच्छ असते, पण फसवी असते: लहान सभागृहात ड्रम आणि गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर स्वतःच एवढे मोठे वाजतात की मिक्सरमधून त्यांना फार थोडे द्यावे लागते, आणि मग फितीत गायक कानाशी आणि ड्रम शेजारच्या खोलीत, अशी अवस्था होते. पब्लिकमधल्या फितीत सभागृहाचा घुमारा, टाळ्या आणि वाद्यांचे खरे प्रमाण असते, मात्र शब्द पुसट असतात आणि माइकशेजारी बसलेल्याची बडबडही असते. या दोन फिती एकावर एक ठेवून केलेल्या प्रतीला चाहते 'मॅट्रिक्स' म्हणतात. मी तिला 'दुपेडी' म्हणेन. दोन पेड एकत्र वळलेले असतात आणि तरी वेगवेगळे ओळखता येतात.

पेड वळणे मात्र सोपे नाही. माइक रंगमंचापासून ३० मीटरवर असेल तर आवाज तिथे पोचायला सुमारे ८७ मिलिसेकंद लागतात, आणि मिक्सरच्या तारेतून तो तत्काळ येतो. फिती नुसत्या एकावर एक ठेवल्या तर ड्रमचा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. म्हणून एक फीत तेवढी सरकवायची. तरीही काम संपत नाही, कारण दोन यंत्रांची घड्याळे कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत. डिजिटल यंत्रांत दशलक्षामागे २० भागांचा फरक असला तरी दोन तासांच्या कार्यक्रमाच्या शेवटी तो १४४ मिलिसेकंद होतो. पहिल्या गाण्यात बेमालूम जुळलेली दुपेडी शेवटच्या गाण्यात उसवते ती यामुळे, आणि हे टाळण्यासाठी एक फीत पूर्ण लांबीभर अगदी किंचित ताणावी लागते.

दुसरी क्रिया वेगाची. कॅसेट यंत्र थोडे जलद किंवा मंद चालले की सूर चढतो किंवा उतरतो. एक युक्ती सांगतो: पुष्कळ फितींत विजेच्या पुरवठ्याची बारीक गुणगुण उतरलेली असते. अमेरिकेत ती ६० हर्ट्‌झची, युरोपात आणि आपल्याकडे ५० ची. अमेरिकेतल्या फितीत ती ६१.२ वर सापडली तर फीत २ टक्के जलद वाजते आहे, म्हणजे गाणे सुमारे एक तृतीयांश अर्धस्वराने चढलेले आहे, हे गिटार हातात न घेताही कळते. याला 'वेगदुरुस्ती' हा सरळ शब्द पुरे.

आता तुमचा खरा प्रश्न, म्हणजे कापाकापी. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची, त्यामुळे बाजू उलटताना गाण्याच्या ऐन मध्यावर काही सेकंद गळतात. ते दुसऱ्या फितीतून आणून भरणे याला इंग्रजीत 'पॅच' म्हणतात आणि त्याला 'ठिगळ' याहून नेमका शब्द मला माहीत नाही. पण दुसरी फीत नसेल तर चाहता काय करतो? बिघडलेला भाग काढून टाकतो आणि दोन्ही बाजूंचे धड भाग असे जोडतो की ताल मोडू नये. हे ठिगळ नव्हे. माझी आजी जुनेर लुगड्याचा विरलेला पट्टा कापून धड कडा एकमेकींना शिवायची, त्याला आमच्या गावात 'दंड घालणे' म्हणतात. ठिगळ लावल्याने लांबी कायम राहते आणि कापड परके येते. दंड घातल्याने कापड तेच राहते आणि लांबी घटते. ध्वनिफितीतही अगदी हाच फरक आहे. ऐकणाऱ्याला तो सांगितला पाहिजे, कारण आठ मिनिटांच्या गिटारवादनात दंड असेल तर गिटारवाल्याने प्रत्यक्षात न वाजवलेली एक वळणाची जागा तिथे तयार झालेली असते.

उत्तर (अंबाजोगाई)

संभाजीनगरच्या दादांचे उत्तर वाचून राहवले नाही. माझे काम जुन्या हस्तलिखितांचे आहे, रॉक संगीत मी मुलीच्या खोलीतून कानावर येते तेवढेच ऐकते. पण एकाच कार्यक्रमाच्या अनेक प्रती, प्रत्येकीत वेगळी गळती, वेगळी अशुद्धे, आणि त्या सर्व ताडून एक विश्वसनीय प्रत सिद्ध करणे, हे काम आमच्या मराठवाड्यात पैठणला शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली झालेले आहे. एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती पाहून ग्रंथ शुद्ध केला आणि अखेरीस त्याची नोंदही करून ठेवली: ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पाठांतरांमुळे, म्हणजे पाठभेदांमुळे, त्यात अबद्ध शिरले, ते शोधून तो 'प्रतिशुद्ध' केला. हा शब्द तुमच्यासाठी तयार आहे. अनेक फिती ताडून केलेली प्रत ती 'प्रतिशुद्ध प्रत' आणि ते काम 'प्रतिशुद्धी'.

'संपादन' या शब्दात संपादकाच्या आवडीनिवडीला जागा असते. चांगला संपादक लेखकाचे वाक्य बदलतो आणि त्याबद्दल त्याचे आभारही मानले जातात. 'प्रतिशुद्ध' म्हणणाऱ्याने ही मोकळीक स्वतःहून सोडलेली असते. त्याच ठिकाणी नाथांनी बजावले आहे:

ज्ञानेश्वरी पाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी ।
तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली ॥

ज्ञानेश्वरीत स्वतःची ओवी घालणारा अमृताच्या ताटात नारळाची करवंटी ठेवतो. तुमच्या क्षेत्रात ही करवंटी कोणती असते, ते मात्र दादांनी सांगावे.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)

ताई, ती करवंटी चाहत्यांपेक्षा अधिकृत ध्वनिमुद्रिकांत जास्त सापडते. कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण घेऊन स्टुडिओत जायचे, चुकलेला गिटारचा तुकडा किंवा बेसूर ओळ नव्याने वाजवून-गाऊन घ्यायची आणि वर टाळ्या तशाच ठेवायच्या, हा धंद्यातला जुना रिवाज आहे. किस या बँडच्या १९७५ च्या गाजलेल्या मैफल-ध्वनिमुद्रिकेत अशी भर आहे. थिन लिझी या बँडच्या १९७८ च्या ध्वनिमुद्रिकेत अशी भर किती, याबद्दल तर निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी एक सांगतात आणि बँडमधली मंडळी दुसरेच. अमेरिकन संगीतकार फ्रँक झप्पा यांचा प्रकार आणखी निराळा: १९८८ ते १९९२ दरम्यान त्यांनी मैफिलींचे जे सहा संच काढले, त्यांत काही गाण्यांत वेगवेगळ्या वर्षांतले, वेगवेगळ्या वादकांचे तुकडे सांधलेले आहेत, पण वरून नवे वाजवलेले काही नाही. नाथांच्या कसोटीला झप्पा उतरतात की नाही, हे ताईंनीच ठरवावे.

चाहते या बाबतीत कडक असतात. चांगल्या प्रतीसोबत एक मजकूर-फाइल असते. तिच्यात मूळ फीत कोणती, यंत्र कोणते, किती पिढ्यांच्या नकला झाल्या आणि कोणत्या गाण्यात किती मिनिटांवर ठिगळ आहे, हे लिहिलेले असते. त्या नोंदीला 'लिनिएज' म्हणतात. मी तिला 'वंशावळ' म्हणतो. कोणाला 'प्रतपरंपरा' बरे वाटले तर हरकत नाही.

उत्तर (अंबाजोगाई)

'प्रतपरंपरा' आमच्याकडे वापरातच आहे. झप्पा यांचे काम प्रतिशुद्धी नव्हे. कर्ता स्वतःच जेव्हा आपले जुने तुकडे सांधतो तेव्हा ती नवी रचना असते, आणि तिला करवंटीचा नियम लावता येत नाही.

उत्तर (नांदेड)

'प्रतिशुद्ध' हा शब्द मोहात पाडणारा आहे, म्हणूनच त्याला कुंपण घालावेसे वाटते. शुद्ध करायचे तर आधी काहीतरी मूळ असायला हवे. ध्वनिफितीच्या बाबतीत ते असते: त्या रात्री वाजले ते. ८ मे १९७७ रोजी कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये ग्रेटफुल डेडचा कार्यक्रम झाला. बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांनी टिपलेली त्याची फीत चाहत्यांच्या हातोहाती वर्षानुवर्षे फिरली आणि तिची नोंद पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीतही झाली. तिच्या नकलांतले दोष काढणाऱ्याने प्रतिशुद्धी केली असे खुशाल म्हणावे.

पण चित्रफितीला मूळ कुठून आणणार? २३ ऑगस्ट २००९ रोजी प्राग शहरात रेडिओहेड या बँडचा कार्यक्रम झाला, तेव्हा चाहत्यांनी ठिकठिकाणी उभे राहून तो आपापल्या कॅमेऱ्यांवर टिपला. पुढे बँडने स्वतःकडचा ध्वनी त्यांना दिला आणि २०१० मध्ये तो चित्रपट सर्वांसाठी विनामूल्य खुला झाला. त्यात एका क्षणी गायकाचा चेहरा दाखवायचा की ड्रमवाल्याचे हात, हा निर्णय पूर्णपणे जोडणाऱ्याचा आहे. तिथे शुद्ध-अशुद्ध असे काही नाही. आहे ती निवड. त्याला लातूरच्या सरांचे 'संकलन'च योग्य, आणि परभणीकरांनी सांगितलेले नाइन इंच नेल्सचे कामही याच खात्यात जाईल.

आणखी एक. 'बूटलेग'ला, म्हणजे कंपनीने न काढता परस्पर फिरणाऱ्या मुद्रणाला, कोणी 'चोरटे ध्वनिमुद्रण' म्हणेल. १९६९ मध्ये बॉब डिलन यांची न काढलेली गाणी परस्पर विकली गेली, तिथे तो शब्द शोभतो. पण ग्रेटफुल डेडने परवानगी दिलेली होती आणि पर्ल जॅम या बँडने २००० साली आपल्या दौऱ्यातले कार्यक्रम 'बूटलेग' याच नावाने स्वतः विकले. सरसकट 'चोरटे' लिहिले तर मालकावरच चोरीचा आळ येईल. 'श्रोत्याने केलेले मुद्रण' पुरेसे आहे.

विचारणाऱ्याचे उत्तर (परभणी)

सर्वांचे आभार. टिपणात मी ध्वनीसाठी 'प्रतिशुद्ध प्रत' आणि चित्रासाठी 'चाहत्यांचे संकलन' असे दोन शब्द घेतो. 'पुनःसंपादन' सोडून देतो. एका प्रतीची नोंद नमुन्यादाखल अशी लिहिली आहे: 'दुपेडी प्रत, मिक्सरवरची आणि पब्लिकमधली, वेगदुरुस्ती केलेली, चौथ्या गाण्यात २ मिनिटे १० सेकंदांपासून ९ सेकंदांचे ठिगळ, पब्लिकमधल्या फितीतून, सातव्या गाण्यात एक दंड, नवीन वाजवलेले काही नाही.' यात काही राहिले का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)

दोन गोष्टी राहिल्या. वेगदुरुस्ती किती टक्के आणि कोणत्या दिशेने ते लिहा, म्हणजे एखाद्याला ती पटली नाही तर उलटी फिरवता येईल. आणि दंडाची जागासुद्धा मिनिट-सेकंदांत द्या. ठिगळ कानाला आवाजाच्या बदलावरून सापडते, चांगला घातलेला दंड सापडत नाही.