मदत हवी आहे : निकोलस स्टोनचा हात कसा ओळखावा?

सप्रेम नमस्कार. इंग्लिश स्मारकशिल्पकार निकोलस स्टोन (मृत्यू १६४७) याच्यावर मी टिपण लिहीत आहे. ॲमस्टरडॅमला डच शिल्पकार हेंड्रिक डे कायझरच्या हाताखाली काम करून, त्याचाच जावई होऊन लंडनला परतलेल्या या पाथरवटाने घडवलेला, कफन पांघरून कलशावर उभा असलेला कवी जॉन डनचा संगमरवरी पुतळा सेंट पॉल कॅथीड्रलच्या १६६६ च्या आगीतूनही वाचला. स्टोनच्या हिशेबवह्या टिकून आहेत (त्या काळच्या शिल्पकाराच्या बाबतीत हे भाग्य विरळाच), पण त्यांत मदतनिसांना दिलेल्या मजुरीच्याही नोंदी आहेत. तेव्हा कोणते कोरीवकाम स्वतः उस्तादाचे आणि कोणते कारागिरांचे, हे शैलीवरून कसे ठरवतात, ते जाणकारांनी कृपया समजावून सांगावे. थडग्यावरील पहुडलेल्या मृताकृतीसाठी मराठीत रूढ शब्द असल्यास तोही कळवावा.