मदत हवी आहे: एमडीच्या (मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या) केसमध्ये पिशवीचं वजनही धरतात का?

नमस्कार मंडळी. माझा बावीस वर्षांचा भाचा चार महिन्यांपासून आत आहे. त्याच्या सॅकमध्ये एमडीच्या सात पुड्या सापडल्या. वर्षभर घेत होता, आम्हाला पत्ताच नाही. ताईने त्याचा फार धसका घेतलाय. त्याने केलं ते चूकच, त्यावर पांघरूण घालायला मी आलेलो नाही.

प्रश्न वजनाचा आहे. मेफेड्रोन २ ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा, ५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक. एनडीपीएसच्या (अमली पदार्थविरोधी कायद्याच्या) कलम २२ खाली मधल्या मात्रेला जास्तीत जास्त १० वर्षं, किमान काही नाही. व्यावसायिक ठरली की कमीत कमी १०, कमाल २०, आणि १ ते २ लाख दंड. वर कलम ३७ लागतं, मग जामीन महाकठीण.

पंचनाम्यात लिहिलंय, 'प्लॅस्टिक पिशव्यांसह एकूण वजन ५२ ग्रॅम'. काल मी तशाच सात रिकाम्या झिपलॉक पिशव्या सोनाराच्या काट्यावर ठेवल्या. २.६ ग्रॅम भरल्या. म्हणजे पावडर ४९.४!

पावडरीत भेसळ आहे म्हणून उपयोग नाही, हे कळलंय. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरा सिंग निकालात भेसळीसकट पूर्ण वजन धरायला सांगितलं, २००८ चा उलटा निकाल रद्दबातल ठरवला. पण पिशवी म्हणजे भेसळ नव्हे ना?

आमचे वकील म्हणतात, खटल्यात बघू. तोवर पोरगं आतच राहणार. जामिनालाच हा मुद्दा घेता येईल का? कोणता कागद काढू?

प्रतिसाद:
दादा, आधी कलम ५२अ ची कागदपत्रं काढा. दंडाधिकाऱ्यांसमोर मुद्देमालाची यादी प्रमाणित होते, फोटो आणि नमुने घेतात. तिथे वजन पुन्हा केलंय का, पिशवीशिवाय केलंय का, ते बघा. सोबत रासायनिक विश्लेषणाचा अहवाल ताडून पाहा. तुमचं सोनाराकडचं वजन कोर्ट पुरावा म्हणून धरेल असं समजू नका. मात्र निव्वळ वजन कुठेच नोंदलेलं नसेल, तर ते जामीन अर्जात ठळकपणे मांडायला वकिलांना सांगा. थांबू नका.

धागाकर्ता:
मनापासून आभार. पंचनाम्याची झेरॉक्स आहे, यादीची नक्कल नाहीच. सोमवारी कोर्टात नकलेचा अर्ज देतो आणि हाती आली की इथे लिहितो.