बँक स्टेटमेंट जीएनयूकॅशमध्ये घेताना नोंदी दुबार पडतात

रोजकीर्द:
नमस्कार मंडळी. एप्रिलपासून घरचा हिशेब जीएनयूकॅश या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये ठेवतेय. बँकेच्या साइटवरून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) उतरवते आणि आत घेते. एप्रिल ते जूनचं आधीच घेतलं होतं, आता जून ते ऑगस्टचं घेतलं तर जूनच्या बऱ्याच नोंदी दोनदा दिसतात. सारख्या दिसणाऱ्या ओळी सरसकट उडवताही येत नाहीत. नवरा स्टेशनबाहेरच्या टपरीवर सकाळ-संध्याकाळ वीस-वीसचा चहा घेतो, दोन्ही यूपीआयने. त्या दोन्ही नोंदी खऱ्या. शिवाय पगाराच्या खात्यातून घरखर्चाच्या खात्यात दरमहा २५,००० टाकते, तेही दोनदा लागतात. खरी दुबार नोंद ओळखायची कशी?

खतावणी:
ताई, नुसत्या तारीख-रकमेवरून ठरवू नका. स्टेटमेंटमधला शिलकीचा रकाना बघा. सकाळच्या चहानंतर शिल्लक १८,४६० असेल, तर संध्याकाळच्या चहानंतर ती १८,४४० असणार. तारीख, रक्कम आणि त्या ओळीपुढची शिल्लक, तिन्ही तंतोतंत सारखी असतील तरच ओळ दुबार धरा. मध्ये तेवढेच पैसे परत जमा झाले असतील तर मात्र हेही फसतं. तेव्हा यूपीआयचा बारा आकडी संदर्भ क्रमांक ताडून बघायचा.

आणि त्यासाठी मूळ सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, अगदी कळकळीने सांगतो. तो क्रमांक ४.२३ई+११ असा दिसायला लागतो आणि सेव्ह केलं की तसाच फाइलीत जातो, मागचे आकडे गेले ते गेले. उघडायचीच असेल तर तो रकाना 'टेक्स्ट' म्हणून घ्या.

ओएफएक्स हा बँक व्यवहारांच्या फाइलीचा आणखी एक प्रकार. त्यात प्रत्येक व्यवहाराला एफआयटीआयडी नावाचा ओळख क्रमांक असतो. तो आधी येऊन गेला असेल तर जीएनयूकॅश ती ओळ आपणहून गाळतं. आपल्याकडच्या बँका बहुतेक सीएसव्ही, एक्सेल नाहीतर पीडीएफच देतात. त्यामुळे प्रोग्रॅम रक्कम आणि जवळपासची तारीख बघून अंदाज बांधतो आणि जुळणीची खिडकी समोर ठेवतो. तिथे घाई करू नका. 'ए'वर खूण असेल तर नवी नोंद होते, 'सी'वर असेल तर आधीच्या नोंदीशी जुळते, कुठेच नसेल तर ओळ सोडून दिली जाते. 'सी'वर खूण असलेल्या ओळीवर डबल क्लिक केलं की ती कोणत्या जुन्या नोंदीशी जुळवायची ते निवडता येतं. तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असाच आहे ना, तेही बघा. ०५/०६ ची ६ मे झाली तर जुळणी होणारच नाही.

तुमच्या २५,००० चं कारण वेगळं आहे. पगाराचं खातं आयात करताना समोरचं खातं म्हणून घरखर्चाचं खातं निवडलं, तर एकाच नोंदीने दोन्हीकडे पैसे लागतात. मग दुसरं स्टेटमेंट घेताना ती नोंद सापडते, तिथे 'सी' करायचं. समोरचं खातं न निवडल्यामुळे रक्कम इम्बॅलन्स-आयएनआरमध्ये (समोरचं खातं न ठरलेल्या रकमांसाठी प्रोग्रॅम आपणहून उघडतो ते खातं) पडली असेल, तर जुळायला तिकडे काही नसतंच, म्हणून दुसरी नोंद होते.

काळीपाटी:
मी एचलेजर हा हिशेबाचा दुसरा प्रोग्रॅम वापरतो. त्याची 'इम्पोर्ट' आज्ञा शेवटची तारीख त्याच फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलीत लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी त्याआधीच्या ओळी घेत नाही. फाइलीचं नाव मात्र दर वेळी तेच ठेवावं लागतं.

रोजकीर्द:
खतावणी दादा, सगळे २५,००० खरंच इम्बॅलन्समध्ये सापडले! जूनच्या ओळी शिल्लक बघून काढते. पण सगळं नीट झालं हे शेवटी कळणार कशावरून?

खतावणी:
दर महिनाअखेर 'रिकन्साइल' (बँकेशी ताळमेळ) उघडा, स्टेटमेंटची तारीख आणि अखेरची शिल्लक भरा, बँकेत दिसणाऱ्या नोंदींवर खुणा करा. फरक ०.०० आला की तो महिना पक्का. फरक नेमका २० किंवा २५,००० आला तर कुठे शोधायचं ते तुम्हाला आता ठाऊक आहे. आणि पुढचं स्टेटमेंट १ सप्टेंबरपासूनच उतरवा, ओळी एकमेकींवर चढणारच नाहीत.